नोकरी कधी सोडायची? १३ वर्षं थांबलेल्या आयरिश वादकांची गोष्ट

मागच्या व्हिडिओनंतर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न एकच होता. "सर, धंदा साइडला सुरू केलाय, ऑर्डरी येतायत, पण नोकरी कधी सोडू?" याचं उत्तर द्यायला आज मी तुम्हाला आयर्लंडला घेऊन जाणार आहे. हो, आयर्लंडला. तिथे 'द चीफटन्स' नावाचा पारंपरिक संगीताचा एक ग्रुप होता. पुढे जाऊन सहा ग्रॅमी मिळवलेला. त्यांच्या संगीताबद्दल लिहिणारे खूप आहेत. मला त्यांच्या राजीनाम्यांबद्दल बोलायचंय.

साल १९६२, शहर डब्लिन. पॅडी मोलोनी नावाचा चोविशीतला तरुण बांधकामाचं साहित्य विकणाऱ्या एका कंपनीत हिशेबाचं काम करायचा. वाजवायचा इलन पाइप्स. हे वाद्य समजून घ्या, मजेशीर आहे. पेटीला जसा भाता असतो तसा याला एक भाता, पण तो कोपराखाली दाबून हवा भरायची. 'इलन' या शब्दाचा अर्थच कोपर. सोबत मार्टिन फे फिडलवर, शॉन पॉट्स टिन व्हिसलवर, मायकल टब्रिडी बासरीवर आणि बौरान या आपल्या डफासारख्या चामड्याच्या वाद्यावर डेव्हिड फॅलन. टब्रिडी इंजिनिअर, पॉट्स पोस्ट खात्यात. म्हणजे दिवसा ड्यूटी आणि संध्याकाळी सराव.

आता मार्केट बघा. त्याच शहरात, त्याच १९६२ मध्ये 'द डब्लिनर्स' हा दुसरा ग्रुप सुरू झाला. ते गायचे. गाणी लोकांच्या तोंडी असलेली, बॅन्जो-गिटार हातात, वातावरण दारूच्या गुत्त्यातलं. १९६७ ला त्यांचं एक गाणं इंग्लंडच्या टॉप टेनमध्ये गेलं. चीफटन्सकडे मात्र मुख्य माल होता नुसत्या वादनाचा. गायक नाही, गिटार नाही. जुन्या नाचाच्या चाली आणि संथ धुना, पण नीट बसवलेल्या. कधी एकटी बासरी, मग फिडल आत येणार, मग सगळे मिळून. अशी मांडणी करायला ते शॉन ओ रीडा या संगीतकाराच्या वाद्यवृंदातही शिकत होते. असा माल हळू विकला जातो. शेजारच्या दुकानासमोर रांग लागलेली असताना आपला माल न बदलणं किती अवघड असतं, हे धंदा करणाऱ्यालाच कळतं.

क्लाडा या छोट्या रेकॉर्ड कंपनीने त्यांची पहिली रेकॉर्ड काढली. नाव काय? 'द चीफटन्स'. दुसरी आली थेट १९६९ ला, नाव 'चीफटन्स २'. मग १९७१ ला ३, १९७३ ला ४. (नावं सुचत नाहीत म्हणून प्रॉडक्ट लाँच अडवून बसलेल्यांनी हे जरूर वाचावं.) पहिल्या आणि दुसऱ्या रेकॉर्डमध्ये एवढं अंतर पडूनही ग्रुप टिकला, कारण कुणाच्याही घरचा किराणा त्या रेकॉर्डवर अवलंबून नव्हता. पगार चालू होता. म्हणून मालाशी तडजोड करायची वेळ आली नाही. आपल्याकडे नोकरीला धंद्याचा शत्रू समजतात. मला विचाराल तर सुरुवातीच्या वर्षांत नोकरी हा तुमचा सगळ्यात स्वस्त गुंतवणूकदार असतो. हिस्सा मागत नाही, व्याज मागत नाही.

मोलोनीने मधे एक पायरी घेतली, आणि माझ्या मते या सगळ्या गोष्टीत तीच शिकण्यासारखी आहे. १९६८ मध्ये त्याने हिशेबाची नोकरी सोडली, पण धंद्यात उडी नाही घेतली. तो क्लाडामध्येच मॅनेजिंग डायरेक्टर म्हणून लागला. ही कंपनी १९५९ पासूनची, लहानशी. पारंपरिक वादकांच्या रेकॉर्ड काढायची, आयरिश कवींच्या आवाजातल्या कवितांच्यासुद्धा. तिथे तो रेकॉर्ड बनवण्यापासून विकण्यापर्यंतचं सगळं काम बघायला लागला. म्हणजे पगार चालूच, पण आता स्वतःच्याच लाइनमधला. तुम्हाला केटरिंग करायचंय आणि नोकरी विम्याच्या ऑफिसात आहे, तर मधली दोन वर्षं एखाद्या केटररकडे काढता येतील का, बघा. पगार थोडा कमी मिळेल, पण भाजी कुठून किती भावाने येते, पेमेंट किती दिवसांनी सुटतं, हे आपोआप कळेल.

मग आलं १९७५. त्या वर्षी १७ मार्चला, म्हणजे सेंट पॅट्रिक्स डेला, त्यांचा कार्यक्रम लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ठेवला गेला. पाच हजारांच्या वर आसनं. गायक नाही, गिटार नाही, आणि हॉल हाउसफुल्ल! त्यानंतर त्याच वर्षी ग्रुप पूर्णवेळ झाला. सुरुवातीपासून मोजलं तर तेरा वर्षं.

हा क्रम नीट बघा. आधी अनोळखी लोकांनी, परक्या शहरात, खिशातून पैसे काढून तिकिटं घेतली. राजीनामा त्यानंतर. स्टॅन्ली कुब्रिकचा 'बॅरी लिंडन' सिनेमा, ज्यातल्या त्यांच्या धुनेमुळे ते जगभर पोचले, तो लागला वर्षाच्या शेवटी, डिसेंबरमध्ये. (ऑस्कर चीफटन्सना मिळालं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. त्या सिनेमाच्या संगीताचं ऑस्कर लिओनार्ड रोझेनमनला मिळालं.) "त्यांना सिनेमा मिळाला म्हणून जमलं," असं म्हणणाऱ्यांनी तारखा बघाव्यात. सिनेमा लागला तेव्हा दुकानात चार-पाच रेकॉर्ड तयार होत्या.

पुढचं थोडक्यात सांगतो. १९८३ ला चीन दौरा, १९८८ ला व्हॅन मॉरिसनसोबत रेकॉर्ड, १९९२ ला अमेरिकेतल्या कंट्री गायकांसोबत, १९९५ ला 'द लाँग ब्लॅक व्हेल'मध्ये मिक जॅगर आणि स्टिंग. आजच्या भाषेत कोलॅब. प्रत्येक पाहुणा आपापले श्रोते घेऊन आला. पण पाइप्स, फिडल, बासरी आणि १९७० च्या दशकात डेरेक बेलने आणलेला हार्प, हा पाया तसाच राहिला.

आता जी बाजू यशोगाथांमध्ये कुणी सांगत नाही, ती. पूर्णवेळ म्हणजे सतत दौरे. फॅलननंतर १९६६ पासून बौरान वाजवणारे पॅडर मर्सियर साठी ओलांडलेले होते, ते १९७६ मध्ये थांबले, त्यांच्या जागी केव्हिन कॉनेफ आला. १९७९ मध्ये तर पॉट्स आणि टब्रिडी, दोघं पहिल्या दिवसापासूनचे भिडू, बाहेर पडले. हॉल भरत असताना, नाव झालेलं असताना! पण वाजवणं नाही सोडलं. पॉट्सने नंतर 'बेकर्सवेल' नावाचा ग्रुप उभा केला. टब्रिडीची जागा मॅट मोलॉयने घेतली. पॉट्सच्या जागी मात्र कुणालाच घेतलं नाही, कारण टिन व्हिसल मोलोनी स्वतः वाजवायचा.

या दोघांना मी अपयशी म्हणणार नाही. संध्याकाळी मित्रांसोबत वाजवणं हे एक काम, आणि महिनोन्‌महिने घराबाहेर राहून तेच वाजवणं हे वेगळं काम. तुमच्या धंद्यात मित्र किंवा भाऊ भागीदार असेल तर आज रात्री जेवल्यावर त्याला एवढंच विचारा: "आपण मोठे झालो, तर तुला रोजचं हे काम करायचंय का?" त्याचं उत्तर कागदावर लिहून ठेवा. पुढच्या व्हिडिओत आपण भागीदारीचा करार बघणार आहोत, तेव्हा तो कागद समोर असू द्या.