जोतिबाचा घाट आणि इंजिनातले तेल

कोल्हापूरच्या वायव्येस सतरा-अठरा किलोमीटरवर जोतिबाचा डोंगर आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे 3100 फूट. रविवार हा देवाचा वार. चैत्रातल्या अशाच एका रविवारी आम्ही वडिलांच्या चाळीस वर्षांच्या जुन्या मोटारीतून घाट चढत होतो. ऊन रणरणत होते, पुढे एस. टी. आणि मागे जीपगाड्यांची रांग. दुसऱ्या गिअरमध्ये रखडत माथ्यावर पोहोचलो, गाडी बाजूला उभी केली आणि इंजिन बंद करणार, तोच समोरचा तेलाच्या दाबाचा तांबडा दिवा लुकलुकू लागला.

खाली आल्यावर एका गॅरेजवाल्याने लगेच निदान केले, "गाडी म्हातारी झालीय. जाड ऑईल घाला, दिवा विझेल." वडिलांना ते पटले. मला मात्र पटेना. दिवा विझणे आणि दुखणे बरे होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. असे का, ते आपण पाहू.

प्रथम, तेल करते काय? इंजिनातला क्रँकशाफ्ट बेअरिंगमध्ये मिनिटाला हजारो फेरे फिरतो. तरीही धातूला धातू लागत नाही, कारण दोघांच्या मध्ये तेलाचा पातळ पापुद्रा असतो. फिरणारा दांडा तेलाला आपल्याबरोबर ओढून अरुंद होत जाणाऱ्या फटीत कोंबतो आणि तिथे उत्पन्न झालेल्या दाबावर स्वतःच तरंगतो! इंग्लंडमध्ये 1883 साली बोशँप टॉवर हा अभियंता रेल्वेच्या बेअरिंगवर प्रयोग करीत होता. बेअरिंगला पाडलेल्या छिद्रात त्याने बूच ठोकले, तर आतल्या तेलाने ते बाहेर ढकलून दिले. या दाबामागचे गणित ऑस्बर्न रेनॉल्ड्स याने 1886 मध्ये मांडले.

हा पापुद्रा टिकतो तो तेलाच्या दाटपणामुळे. द्रवाचा वाहण्याला होणारा जो अंतर्गत विरोध, त्याला श्यानता म्हणतात. आपल्या भागातली काकवी आठवा. थंडीत ती बरणीतून निघता निघत नाही. तीच गरम केली की धारेने पडते. तेलाचेही तसेच. सकाळी थंड इंजिनात ते इतके दाट नको की पंपाला ओढवणार नाही आणि घाटात तापल्यावर इतके पातळ नको की पापुद्राच फाटेल.

डब्यावर 20डब्ल्यू-40 असे छापलेले असते, त्याचा अर्थ आता लागेल. डब्ल्यू म्हणजे विंटर, अर्थात हिवाळा. 20डब्ल्यू हे थंडीतले वर्तन सांगते आणि त्याची एक चाचणी शून्याखाली 15 अंश सेल्सिअसला घेतात. कोल्हापूरच्या थंडीत पारा एवढा कधीच उतरत नाही. म्हणून आपल्याकडे हा आकडा पुरेसा आहे. दुसरा आकडा तापलेल्या तेलाचा. 100 अंश सेल्सिअसला 40 क्रमांकाच्या तेलाची श्यानता 12.5 ते 16.3 सेंटिस्टोक असते, तर 50 क्रमांकाची 16.3 ते 21.9. तुलनेसाठी सांगतो, 20 अंशांच्या पाण्याची श्यानता फक्त 1 सेंटिस्टोक असते. एकाच तेलाला हे दोन्ही गुण यावेत म्हणून त्यात लांबलचक साखळ्यांचे रेणू मिसळतात. थंडीत ते गुंडाळी करून बसतात, तापले की पसरतात आणि तेलाला फार पातळ होऊ देत नाहीत.

आता आमच्या दिव्याकडे वळू. पंप तेल ढकलतो आणि बेअरिंगच्या फटीतून ते बाहेर झिरपते. या ओढाताणीतून दाब ठरतो. इंजिन मंद चालते तेव्हा पंप कमी तेल देतो. घाटात तेलही तापून पातळ झालेले असते. म्हणून दिवा नेमका माथ्यावर लागला.

पण नव्या इंजिनात तो लागत नाही, मग जुन्यात का? कारण फट. फटीतून होणारी गळती फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते आणि श्यानतेच्या व्यस्त प्रमाणात घटते. समजा, मूळ फट 0.05 मिलिमीटर होती. झिजून ती 0.10 झाली. रुंदी दुप्पट, म्हणून त्याच दाबाला गळती 2 × 2 × 2, म्हणजे आठपट! आता 40 ऐवजी 50 क्रमांकाचे तेल घातले, म्हणजे श्यानता 14 वरून 19 वर नेली, तर गळती कितीने कमी होईल? 19 भागिले 14, म्हणजे जेमतेम 1.4 पटीने. आठपटीच्या भोकाला सव्वा-दीडपटीचे ठिगळ! दिवा विझेलही, पण झीज चालूच राहील आणि एखाद्या दिवशी भर घाटात बेअरिंग जाम होईल.

मी हे गणित कागदावर मांडून वडिलांना दाखवले. दुसऱ्या एका कारागिराने दिव्याचे बटण काढून तिथे दाबमापक लावला, तेव्हा दाब खरोखरच कमी भरला. चेंबर उतरवून पाहिले तर बेअरिंगचे कवच झिजले होते. दोष आमचाच होता. अनेक वर्षे तेल वेळेवर बदलले नव्हते. नवी कवचे बसवली आणि तेल घातले ते गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलेच, 20डब्ल्यू-40.

"पण कंपनी कोणती?" हा प्रश्न तुम्ही विचारणारच. सर्व्हो, मॅक, कॅस्ट्रॉल अशी नावे पुष्कळ आहेत. नावाआधी डब्यावरचा क्रमांक आणि एपीआय हा दर्जा पाहावा. हे दोन्ही पुस्तिकेशी जुळत असतील आणि डबा सीलबंद असेल, तर नावाने फारसे बिघडत नाही. सुटे तेल मात्र घेऊ नये. त्यात काय मिसळले आहे ते डोळ्यांना दिसत नाही.

शेवटी एक प्रयोग. दोन सारख्या उभ्या बाटल्यांत काकवी भरा. एक बाटली थंड पाण्यात आणि दुसरी कोमट पाण्यात अर्धा तास ठेवा. मग दोन्हींत सायकलचा एकेक छर्रा सोडा आणि तळाला जायला किती सेकंद लागतात ते मोजा. कितीपट फरक पडला ते वहीत लिहून ठेवा.

पुढच्या वेळी जोतिबाला आम्ही त्याच गाडीने गेलो. माथ्यावर इंजिन मंद चालू ठेवून वडील बराच वेळ दिव्याकडे पाहत बसले. दिवा लागला नाही. मग त्यांनी किल्ली फिरवली, हात जोडले आणि म्हणाले, "चांगभलं!"