एक लाख गाण्यांतील एक गाणे

आमच्या सेलूच्या बाजारात पूर्वी कॅसेट मिळत असत. साठ मिनिटांच्या एका कॅसेटमध्ये दहा-बारा गाणी मावत. हवे ते गाणे शोधण्यास वेळ लागत नसे, कारण आतल्या कागदावर सर्व गाण्यांची नावे क्रमाने छापलेली असत. आता नखाएवढ्या ३२ जीबीच्या मेमरी कार्डात सहा हजारांच्या आसपास गाणी राहतात. संगणकात तर लाखभर गाणी सहज राहतात. पण एखाद्या गाण्याचे नाव टाइप करून आपण वाट पाहत बसतो आणि संगणक शोधतच राहतो. मग लोक म्हणतात, "गाणी फार झाली, म्हणून संगणक दमला."

मुलांनो, संगणक दमत नाही. गाणी किती आहेत यापेक्षा ती कोणत्या रीतीने शोधली जातात, याला जास्त महत्त्व आहे.

मराठीच्या तासाला एखादा शब्द अडला, तर तुम्ही शब्दकोश पहिल्या पानापासून वाचत नाही. मधले एक पान उघडता. आपला शब्द त्याच्या पुढे आहे की मागे, हे पाहता. एका फटक्यात अर्धा शब्दकोश बाजूला पडतो. उरलेल्या अर्ध्यातही असेच करता. नावे वर्णक्रमाने लावलेली असतील, तर संगणकही असेच करतो. एक लाखातून पन्नास हजार उरतात, मग पंचवीस हजार, मग साडेबारा हजार. करून पाहा, जास्तीत जास्त सतरा वेळा अर्धे केले की एकच नाव उरते! सूची नसेल तर मात्र त्याला एक-एक करून लाख गाणी उघडावी लागतात. जुन्या प्रकारच्या हार्ड डिस्कमध्ये फिरती चकती असते आणि तिच्यावर एक छोटा दांडा सरकत असतो. एका जागेवरून दुसऱ्या जागी जाऊन वाचायला त्याला सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग लागतो. हा वेळ अगदी थोडा वाटतो. पण लाख वेळा सरकायचे म्हटले तर एक हजार सेकंद झाले, म्हणजे जवळजवळ सतरा मिनिटे.

या सूचीला तुम्ही उर्दूत फेहरिस्त म्हणता. जुन्या मराठी कागदपत्रांत हाच फारसी शब्द 'फेरिस्त' म्हणून येतो. बगदादच्या इब्न अन्-नदीम यांनी सन ९८७ च्या सुमारास आपल्या काळातील अरबी ग्रंथांची मोठी यादी केली. तिचे नावही 'अल्-फिहरिस्त' असेच आहे.

तेव्हा शोध मंद झाला की प्रथम सूची तपासावी. एकच नाव लागोपाठ दोनदा शोधावे. दुसऱ्या वेळी ते चटकन सापडले, तर चकती वाचण्यातच वेळ जात होता असे बहुधा समजावे. दोन्ही वेळा तेवढाच वेळ लागला, तर सूची बनलेली नाही किंवा ती वापरली जात नाही, अशी शंका घ्यावी. पुष्कळ वेळा सूची असते, पण जुनी असते. आपण नवी गाणी टाकतो, फोल्डर इकडचे तिकडे करतो आणि सूची तशीच राहते. गाण्यांच्या बहुतेक प्रोग्रामांत सूची पुन्हा बनवण्याची सोय असते. एकदा ती वापरून संगणक रात्रभर चालू ठेवला, तर पुष्कळदा काम होते.

सूची ज्या माहितीवरून बनते, तीच चुकीची असली तर मात्र काम अवघड होते. गाण्याच्या फाइलला एक अदृश्य चिठ्ठी जोडलेली असते. तिच्यावर गाण्याचे नाव, गायक, वर्ष वगैरे लिहिलेले असते. ही पद्धत १९९६ मध्ये आली, तेव्हा गाण्याच्या नावाला फक्त तीस रोमन अक्षरांची जागा होती. लांब नावांचे शेपूट तुटले ते तुटलेच. शिवाय कोणी 'गजल' लिहितो, कोणी नुक्ते देऊन 'ग़ज़ल' लिहितो. आपल्याला दोन्ही एकच वाटतात, पण संगणकाला ते दोन निराळे शब्द दिसतात. उर्दू लिपीतही असेच होते. अरबी 'ये' आणि उर्दू 'ये' शब्दाच्या मध्ये सारखेच दिसतात, पण संगणकात त्यांचे क्रमांक वेगळे आहेत. गाणे समोर असूनही ते "सापडले नाही" असे उत्तर येते. म्हणून एकच लेखन ठरवून सगळ्या चिठ्ठ्या त्याप्रमाणे दुरुस्त कराव्या लागतात. हे काम कंटाळवाणे आहे, पण टाळता येत नाही.

आता एक खरे उदाहरण सांगतो. महाराष्ट्रातील बायका पहाटे जाते ओढताना ओव्या गात. (जाते म्हणजे तुमची हातचक्की.) पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह हजाराहून अधिक गावांतून एक लाखापेक्षा जास्त ओव्या जमवल्या. संगीत आणि संगणक दोन्ही जाणणारे फ्रान्सचे बर्नार्ड बेल १९९० नंतरच्या दशकात या कामात आले. ध्वनिमुद्रण झाले आणि ओव्यांचा संगणकीय संग्रह तयार झाला.

पण ओवीला नाव नसते! शेकडो ओव्या सारख्याच शब्दांनी सुरू होतात. मग वर्णक्रमाचा काय उपयोग? शिवाय बाई 'पाणी' म्हणत नाही, 'पानी' म्हणते. 'होतं' म्हणत नाही, 'व्हतं' म्हणते. बोली दुरुस्त करून लिहिली तर ओवी बिघडते, आणि तशीच ठेवली तर शोध अडतो. माझ्या मते इथे ओवीलाच मान द्यावा आणि प्रमाण शब्द बाजूला चिठ्ठीत लिहावा. जमवणाऱ्यांनी या ओव्या विषयांप्रमाणे लावल्या. आई आणि मुलगी, भाऊ आणि बहीण, सीता, विठ्ठल, डॉ. बाबासाहेब आंबेडकर असे अनेक विषय त्यांत आहेत. कोणती ओवी कशाबद्दल आहे, हे त्यांना ती वाचून, ऐकून आणि बाईला विचारून ठरवावे लागले.

पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात २०१७ पासून या ओव्या प्रसिद्ध होऊ लागल्या. सेलूहून पाथरी ओलांडून पुढे गेले की बीड जिल्ह्यातील माजलगाव लागते. तेथील भीमनगरातल्या बायकांच्या ओव्या १९९६ मध्ये ध्वनिमुद्रित झाल्या होत्या. आज त्या ऐकायच्या असतील तर सापडतात, कारण गाणारीचे नाव, गाव, तालुका, जिल्हा आणि ध्वनिमुद्रणाची तारीख ही माहिती ओवीबरोबर जपून ठेवलेली आहे. तुमच्या घरी आजीचे किंवा नानीचे गाणे मोबाइलमध्ये भरून ठेवले असेल, तर त्या फाइलचे नाव बहुधा नुसता एक लांबलचक आकडा असेल. तो बदलून तिथे तिचे नाव, गाव, तारीख आणि गाण्याचे पहिले चार शब्द आजच लिहा.