कॉम्बिफ्लॅम, बंद नाक आणि दमा



आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, कोड लिहून पोट भरणारा माणूस आहे. पण आपल्या प्रत्येकाच्या घरात भारतातून आणलेल्या औषधांची एक पिशवी असते, म्हणून हे लिहितोय.

मागच्या हिवाळ्यात बर्फ उपसून पाठ धरली. आईने दिलेल्या पिशवीतली एक कॉम्बिफ्लॅम घेतली. तासाभरात नाक गच्च, डोळे लाल आणि छातीत शिट्ट्या. बायकोने ९११ ला फोन केला म्हणून वाचलो.

नाकाचा त्रास तसा चार वर्षं होताच. आत पॉलिप म्हणजे मांसाच्या गाठी झाल्या, ऑपरेशन करून काढल्या, परत आल्या. वास इतका गेला की ओक ट्री रोडवर काय तळताहेत ते बघूनच कळायचं. सगळे म्हणायचे, न्यू जर्सीचा पोलन! बियरच्या दोन घोटांतही नाक बंद व्हायचं, हा क्लू मात्र मीच सोडून दिला.

दमा, पॉलिप आणि अ‍ॅस्पिरिन न चालणं, हे त्रिकूट फ्रान्समध्ये विडाल यांनी १९२२ मध्ये नोंदवलं होतं. १९६८ च्या लेखानंतर त्याला सॅम्टर यांचं नाव चिकटलं. प्रौढ दमेकऱ्यांपैकी साधारण ७ टक्क्यांना हे असतं, आणि बहुधा तिशीच्या आसपास उपटतं.

गंमत म्हणजे ही नेहमीची अ‍ॅलर्जी नव्हे. शरीरात ल्यूकोट्राइन नावाची रसायनं श्वासनलिका आवळतात आणि प्रोस्टाग्लॅंडिन ई-२ त्यांना ब्रेक लावतं. अ‍ॅस्पिरिन कॉक्स-१ हे एन्झाइम बंद पाडतं, की ब्रेक गेला! आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, डायक्लोफेनॅक हेच करतात. म्हणजे डिस्प्रिन, ब्रुफेन, व्होव्हेरान आणि इथल्या अ‍ॅडव्हिल, अलीव्ह, एक्सेड्रिन सगळ्या एकाच माळेच्या मणी. टायलेनॉल, म्हणजे आपली क्रोसिन, ५०० मिलिग्रॅमपर्यंत बहुतेकांना चालते.

पण गोळ्या टाळून रोग जात नाही, गाठी वाढतच राहतात. स्टिरॉइडचे स्प्रे आणि इनहेलर, मॉन्टेलुकास्ट (याने काहींचं मन बिघडतं, २०२० पासून त्यावर कडक इशारा आहे), आणि पॉलिपसाठी २०१९ मध्ये मान्यता मिळालेलं डुपिलुमॅबचं इंजेक्शन, असे पर्याय आहेत. मी निवडला तो सगळ्यात उफराटा: अ‍ॅस्पिरिनच! गाठी पुन्हा काढल्यावर डॉक्टरांनी समोर बसवून थेंबाथेंबाने डोस वाढवत नेला. मध्ये एकदा नाक वाहिलं, खोकला आला, मग शरीराने हात टेकले. आता रोज घ्यायची. दोन-तीन दिवस खंड पडला तर सगळं पहिल्यापासून, आणि पोटाला जपावं लागतं ते वेगळंच. घरी हा प्रयोग चुकूनही करू नका. आणि हृदयासाठी कोणी अ‍ॅस्पिरिन घेत असाल तर हे वाचून परस्पर बंदही करू नका.

तिसऱ्या आठवड्यात किचनमधून हिंगाचा वास आला. बायकोला तीनदा विचारलं, खरंच हिंग टाकलास ना?

आईला फोनवर सगळं समजावलं. ती म्हणाली, "अरे, पण मला तर त्या गोळीने किती बरं वाटतं!" पुढच्या पिशवीत दोन पाकिटं जास्त आली.