दांडी ‘पी’वर, गाडी उतारावर

स्मरणिकेसाठी मी दरवर्षी लसीकरण, कुपोषण अथवा बालदमा यांपैकी एखाद्या विषयावर लिहितो. यंदा विषय बदलण्याची सवलत संपादक मंडळाकडे मागितली आणि त्यांनी ती काहीशा आश्चर्याने दिली. विषय आहे माझ्या जुन्या गाडीतील गिअरची केबल. डॉक्टरांच्या स्मरणिकेत तिचे काय काम, असा प्रश्न वाचकांस पडेल. पण ही केबल तुटल्याने माझ्या दवाखान्याच्या अंगणात जे घडता घडता राहिले, ते सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

माझी गाडी फोर बाय फोर, ऑटोमॅटिक आणि वयाने बरीच पोक्त आहे. ती मी जुनीच विकत घेतली. डावा गुडघा क्लच दाबण्यास कुरकुर करू लागला होता आणि संत्र्याच्या बागेत जायचे तर पावसाळ्यात काळ्या मातीत साधी मोटार रुतून बसते, ही दोन कारणे. आठवड्यातून दोनदा सौंसरला तपासणीसाठी जातो, तेही तिनेच. घरच्यांनी ती विकण्याचा आग्रह अनेकदा धरला. मी दाद दिली नाही.

२०२४ च्या जुलैमधील गोष्ट. सौंसरहून परतलो तेव्हा दवाखान्यात लसीकरणाचा दिवस होता. अंगणाला रस्त्याकडून आत किंचित उतार आहे आणि उताराच्या शेवटी कडुनिंबाचा पार. आया मुलांना घेऊन पारावरच बसतात. मी नेहमीप्रमाणे गाडी उतारावर लावली, दांडी ‘पी’वर नेली, किल्ली काढली व आत गेलो. हॅन्डब्रेक ओढला नाही. ‘पी’ असताना हॅन्डब्रेक कशाला, ही माझी अनेक वर्षांची समजूत. पुढचे चाक पावसाने झालेल्या खळग्यात टेकले होते, म्हणून गाडी तेवढी थांबली. थोड्या वेळाने कंपाउंडरने मागच्या बाजूने लशींचा डबा काढून दार आपटले आणि गाडी चालू लागली. आत कोणी नाही, इंजिन बंद, किल्ली माझ्या खिशात. पाराच्या कोपऱ्यावर ती आदळली व दोन दगड निखळून पडले. त्या कोपऱ्यावर बसलेल्या चार वर्षांच्या मुलाला त्याच्या आईने नुकतेच वजन करण्यासाठी उचलून आत आणले होते. मी त्या वेळी त्याचेच वजन लिहीत होतो.

बाहेर येऊन पाहिले तर दांडी ‘पी’वरच. गाडी मागे घ्यावी म्हणून किल्ली फिरवली, तर स्टार्टर मुका. बॅटरी गेली असावी असे निदान मी केले. ते साफ चुकीचे होते.

दुसऱ्या दिवशी आमचे नेहमीचे मिस्त्री आले. वय साठीच्या पुढे. शिक्षण त्यांच्याच शब्दांत ‘गाडीखाली झालेले’. त्यांनी आधी चारही चाकांना दगड लावले, हॅन्डब्रेक ओढला आणि मग गाडीखाली शिरले. मला आत बसवून दांडी ‘पी’पासून ‘डी’पर्यंत हळूहळू फिरवायला सांगितली. खालून आवाज आला, ‘डॉक्टरसाहेब, वरती तुमची दांडी हलते, पण खाली काहीच हलून नाही राह्यलं ना जी. किल्ली फिरवा अन् समोरच्या काट्यापाशी कोणतं अक्षर दिसते ते सांगा.’

समोर ‘डी’ दिसत होते. दांडीपाशी ‘पी’, समोर ‘डी’. आदल्या दिवशी हे मी पाहिलेच नव्हते.

याचा उलगडा असा. अशा गाडीत दांडी आणि गिअरबॉक्स यांचा संबंध एका केबलपुरता असतो. नळीच्या आत सरकणारी तार ही कल्पना जुनी. ब्रिटनमध्ये अर्नेस्ट बाउडेन यांनी १८९६ मध्ये तिचे पेटंट घेतले आणि पुढे सायकलच्या ब्रेकपासून मोटारीपर्यंत ती सर्वत्र गेली. गिअरच्या केबलला ओढणे आणि ढकलणे ही दोन्ही कामे करावी लागतात, म्हणून तिची तार जाड व ताठ असते. वैद्यकीय वाचकांनी आपल्याच हाताकडे पाहावे. बोटे वाकवणारे प्रमुख स्नायू बोटांत नसतात, ते कोपराकडे असतात. आवरणातून सरकणारे टेंडन त्यांचा हुकूम बोटांपर्यंत नेतात. केबलच्या शेवटी एक डोळा असतो. त्यात प्लास्टिकचा लहानसा बुश बसवलेला असतो, आणि तो बुश गिअरबॉक्सच्या आर्मवरील, बोराच्या बीएवढ्या लोखंडी गोळ्यावर चाप देऊन बसतो. माझ्या गाडीतील बुशचा पार भुगा झाला होता. मिस्त्रींनी तळहातावर तीन-चार पिवळट कपच्या दाखवल्या. एवढ्याशा वस्तूवर पावणेदोन-दोन टनांची गाडी विसंबून होती.

मी दांडी ‘डी’वरून ‘पी’वर नेली त्याच क्षणी डोळा गोळ्यावरून निसटला. दांडी तेवढी पुढे गेली, गिअरबॉक्स ‘डी’तच राहिला. किल्ली निघाली, कारण तिला दांडीची खबर असते. स्टार्टर बोलला नाही, कारण त्याचा स्विच गिअरबॉक्सवर असतो आणि तो ‘पी’ व ‘एन’ याखेरीज परवानगी देत नाही. साधी गाडी गिअरमध्ये ठेवून बंद केली तर इंजिनच चाकांना धरून ठेवते. ऑटोमॅटिकमध्ये तसे होत नाही. इंजिन थांबले की तेलाचा दाब जातो आणि ‘डी’तील गाडी मोकळी सुटते. तिला खरोखर धरते ती ‘पी’मधील एक लोखंडी खिट्टी, ती दातेरी चाकाच्या खाचेत पडते. माझ्या गाडीत ती पडलीच नव्हती.

आपल्याच जुन्या गाडीचा हा दोष असेल असे मला वाटले होते. पण फोर्ड कंपनीने २०२२ मध्ये अमेरिकेत याच बुशच्या कारणाने सुमारे २९ लाख मोटारी परत बोलावल्या होत्या. उष्णता व दमटपणा यांनी बुशचे प्लास्टिक विघटित होऊ शकते, असे कारण सांगितले गेले. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीपलीकडे, खाली एक्झॉस्टची धग, वरून बागेतला चिखल; तेव्हा नवल ते काय!

मिस्त्रींनी डोळा गोळ्यावर दाबला आणि ‘टक्’ असा आवाज आला. हात ओढल्यामुळे निसटलेले लहान मुलाचे कोपर जागेवर बसवताना बोटाखाली जाणवते ती टिचकी मला आठवली. ते कोपरही पुन्हा निसटू शकते, आणि बुशावाचून हा डोळाही तसाच. म्हणून नायलॉनचा दांडा आणून लेथवर नवा बुश कातून घेतला. पांढुर्णा २०२३ मध्ये जिल्हा झाला खरा, पण असल्या गाडीचा सुटा भाग अजून नागपूरहूनच येतो, आणि तेथील एका वर्कशॉपने सुटा बुश मिळत नाही, अख्खी केबल घ्यावी लागेल, तीही पाच आठवड्यांनी, असे कळवले होते.

बुश बसवला म्हणजे काम संपले, असे मला वाटले. खरे काम पुढेच होते. मिस्त्रींनी गिअरबॉक्सचा आर्म हाताने ‘पी’च्या टोकाला नेला, तेथून दोन खटके मोजून ‘एन’वर आणला. मला वरची दांडी ‘एन’वर धरायला लावली आणि मगच केबलच्या लांबीचा नट आवळला. येथे अर्ध्या खटक्याची चूक राहिली तर दांडी एका गिअरमध्ये आणि गिअरबॉक्स दोन गिअरांच्या मध्ये, अशी स्थिती होऊन आतील क्लच जळू शकतात. नंतर पायब्रेक दाबून प्रत्येक अक्षर तपासले. इंजिन फक्त ‘पी’ व ‘एन’वर सुरू व्हावे, मागचा पांढरा दिवा फक्त ‘आर’वर लागावा, आणि समोरचे अक्षर दांडीच्या अक्षराशी जुळावे. शेवटी उतारावर ‘पी’ची परीक्षा, तीही पुढे कोणी उभे नसताना. हे सारे होईपर्यंत इंजिन चालू असताना मिस्त्री एकदाही गाडीखाली गेले नाहीत. घाईत तसे करणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांतील एकावर उपचारही केले आहेत.

नायलॉनचा बुश उत्तम चालला. मग नवी केबल कशाला, असे मी म्हणालो. मिस्त्री ऐकेनात. केबलचे रबरी टोपण फाटले होते, नळीत पाणी शिरून तार जड सरकत होती. ‘हे कामचलाऊ आहे, डॉक्टरसाहेब. तार जड चालली तर नवा बुशही खाऊन टाकते. तुम्ही तापाची गोळी देऊन पोराला घरी पाठवता काय?’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. केबल मागवली.

फोर बाय फोर बाळगणाऱ्या बंधूंसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. या गाड्यांत चार चाकांची दुसरी दांडी असते. ती चुकून न्यूट्रलला राहिली, तर खिट्टी पडूनही ‘पी’ गाडीला धरू शकत नाही, केबल कितीही नवी असो. हॅन्डब्रेक मात्र दोन्ही चुकांत उपयोगी पडतो. मी तो आता सपाटीवरही ओढतो; घरचे हसतात.

नवी केबल बसली त्या दिवशी मिस्त्रींनी मजुरी घेण्यापूर्वी संकोचत विचारले, की नातीचा अंगठा महिनाभर वाकलेलाच राहतो, सरळ होत नाही, पडल्याचे कोणाला आठवत नाही. दोन वर्षांची मुलगी. अंगठ्याच्या मुळाशी मटकीच्या दाण्याएवढी गाठ हाताला लागली. हा ट्रिगर थम्ब. टेंडनवरची गाठ आवरणाच्या तोंडाशी अडते. हे पालकांना समजावताना मला नेहमी पाच-दहा मिनिटे लागतात. मिस्त्री मात्र लगेच म्हणाले, ‘म्हणजे तार नळीच्या तोंडाशी अटकते.’ काही मुलांत तो कालांतराने आपोआप सुटतो, न सुटल्यास आवरणाचे तोंड मोकळे करण्याची लहानशी शस्त्रक्रिया लागते, तोवर जोर लावून ओढायचे नाही, हे सांगितले. ‘जोर लावून कोणतीच केबल ओढू नये,’ ते म्हणाले. मुलीला दर दोन-तीन महिन्यांनी आणतात. गेल्या खेपेस अंगठा निम्म्याहून थोडा अधिक उघडला होता.