डच शिष्टाचार आणि सौजन्याचे शब्द

डच भाषेत आदरार्थी ‘यू’ आणि जवळिकीचे ‘येइ’ अशी दोन सर्वनामे असून, ‘तुम्ही’ व ‘तू’ हा भेद अंगवळणी पडलेल्या मराठी भाषकाला ती चटकन उमगतात. मात्र नेदरलँड्समधील कार्यालयांत वरिष्ठच पुष्कळदा ‘येइ’ म्हणण्यास सुचवतात आणि त्यानंतरही आदरार्थी रूप धरून ठेवल्यास ते दुराव्याचे वाटू शकते. सर्वनामानुसार सौजन्याचे शब्दही बदलतात : विनंती करताना आणि वस्तू हाती देताना, अशा दोन्ही प्रसंगी ‘आल्स्टूब्लीफ्ट’ (जवळिकीचे रूप ‘आल्सयेब्लीफ्ट’) म्हणतात, तर आभार ‘डांक यू वेल’ किंवा ‘डांक ये वेल’ असे मानतात. नवागताला सर्वाधिक चकवणारी रीत वाढदिवसाची आहे, कारण ‘खेफेलिसितेर्त’, म्हणजे ‘अभिनंदन’, हे उत्सवमूर्तीइतकेच तिच्या आईवडिलांना, जोडीदाराला आणि भावंडांनाही म्हणायचे असते, आणि वर्तुळात मांडलेल्या खुर्च्यांवरील पाहुण्यांना एकेक करून भेटत ते उरकेपर्यंत केक थांबतो. पूर्वी ठरवलेल्या भेटीला ‘आफस्प्राक’ म्हणतात. ती न ठरवता दारी जाणे सहसा रुचत नाही. नेदरलँड्समध्ये भाषेची गरज शिष्टाचारापुरतीच नसते : 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या तेथील एकात्मीकरण कायद्यानुसार, तो ज्यांना बंधनकारक आहे अशा स्थलांतरितांकडून सर्वसाधारणपणे ‘बी-1’, म्हणजे दैनंदिन व्यवहार स्वतंत्रपणे करता येण्याइतक्या, डचची अपेक्षा असते.