शाळेची वेळ, शेरडांची वेळ

माझी आई दुसरी झाली आणि तिची शाळा सुटली. शाळा नकोशी झाली होती म्हणून नव्हे. शेरडं राखायला घरात दुसरं कुणी नव्हतं. शाळा अकराला भरायची आणि अकराला शेरडं रानात असायची. दोन वेळांचं हे भांडण तिच्या आयुष्यात कधी मिटलंच नाही. म्हातारपणी ती पोथीच्या ओळींवरून नुसतंच बोट फिरवत बसे.

डॉ. चित्रा नाईक यांच्या कामाविषयी मी वाचलं, तेव्हा पहिल्यांदा आईच आठवली. मूल शाळेच्या वेळेला येऊ शकत नसेल, तर शाळेने मुलाच्या वेळेला यावं, एवढं साधं त्यांचं म्हणणं. साधं खरं, पण खात्याला पचणारं नव्हे!

चित्राताईंचा जन्म १९१८चा, पुण्याचा. मुंबई विद्यापीठाची शिक्षणशास्त्रातली डॉक्टरेट, मग फुलब्राइट शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ. एवढं शिकलेल्या बाईला शहरातली प्राध्यापकी सहज मिळाली असती. त्यांनी मात्र कोल्हापूर जिल्ह्यातल्या गारगोटीला, मौनी विद्यापीठाच्या परिसरात, ग्रामीण शिक्षणाला वाहून घेतलं. जे. पी. नाईक, म्हणजे पुढे कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झालेले, हे त्यांचे पती आणि कामातले सोबतीही.

यथावकाश त्या महाराष्ट्राच्या शिक्षण संचालक झाल्या. त्या खुर्चीतून उतरलेली माणसं सहसा सत्कारसमित्यांत रमतात. चित्राताईंचं सर्वांत मोलाचं काम, मला विचाराल तर, त्यानंतरचं आहे. जे. पीं.नी १९४८ साली मुंबईत काढलेली भारतीय शिक्षण संस्था १९७६मध्ये पुण्यात आली होती. तिच्यामार्फत १९७९पासून पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत रात्रीचे वर्ग भरू लागले. मुलं नऊ ते चौदा वर्षांची, दिवसभर कामाला जुंपलेली. त्यांत मुली पुष्कळ. शिकवणारं माणूस शक्यतो त्याच गावचं. आणि परीक्षा? परीक्षेऐवजी ‘बालजत्रा’! गावोगावची मुलं एकत्र जमायची आणि काय शिकलो ते एकमेकांना दाखवायची. नापास होण्याची भीतीच नाही. जत्रेत कोण कधी नापास होतं?

या पद्धतीवर टीकाही झाली. गरिबाच्या मुलाला ही दुय्यम शाळा का, असा सवाल होता आणि तो खोटा नव्हता. पूर्ण वेळेची चांगली शाळा हा प्रत्येक मुलाचा हक्कच. तसा कायदा १ एप्रिल २०१०पासून लागूही झाला. पण कायदा येईतो ज्या मुली मोठ्या होऊन सासरी गेल्या, त्यांनी काय करायचं होतं?

मानसन्मान खूप आले. १९८६ साली पद्मश्री, पुढे नरसिंह राव यांच्या काळात नियोजन आयोगाचं सदस्यत्व, जमनालाल बजाज पुरस्कार. २४ डिसेंबर २०१० रोजी त्या गेल्या, तेव्हा ही सारी यादी डोळ्यांपुढून गेली.

मला मात्र त्या यादीपेक्षा बालजत्राच जास्त आठवत राहिली. आमच्या गावात तसा वर्ग कधी निघाला नाही. निघाला असता, तर शेरडं कोंडून, भाकरी करून आई तिथे नक्की पोहोचली असती. उशिरा, पण पोहोचली असती.