चित्रगुप्ताची वही पडद्यावर

१९८५ साली आलेल्या ‘अल्टिमा ४’ या संगणकावरच्या खेळात जडीबुटी विकणारी एक आंधळी बाई होती. तिच्याकडून माल घेतला की किती नाणी द्यायची तो आकडा खेळाडूनेच टाइप करायचा. कमी दिली तरी पडद्यावर कसलीही ताकीद उमटत नसे. खेळ मात्र आतल्या आत प्रामाणिकपणाच्या खात्यातून वजाबाकी करत असे आणि ते पुष्कळ उशिरा, नडायला लागल्यावर कळे. या मालिकेच्या आधीच्या भागांत लोक चोऱ्या करून, निरपराध गावकऱ्यांना मारून खुशाल जिंकत. त्याबद्दल आलेली पत्रं वाचून अस्वस्थ झालेल्या, मालिकेचा कर्ता असलेल्या रिचर्ड गॅरियट याने या भागातून शेवटचा खलनायकच काढून टाकला. सचोटी, करुणा, नम्रता अशा आठ सद्गुणांत उतरून ‘अवतार’ व्हायचं, एवढंच ध्येय ठेवलं. शब्द आपल्याकडूनच गेलेला. चित्रगुप्तही नकळत सोबत गेला असावा, कारण त्याचीही वही मरेपर्यंत कुणाला वाचायला मिळत नाही.

पुढची वीस वर्षं या माध्यमाने ती वही उघडून भिंतीवर टांगण्यात घालवली, असं आज मागे वळून पाहताना वाटतं. ‘ब्लॅक अँड व्हाइट’ (२००१), ‘स्टार वॉर्स’च्या विश्वातला ‘नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक’ (२००३), ‘फेबल’ (२००४) या सगळ्यांत चांगलं-वाईट मोजायची उघड पट्टी होती. ‘फेबल’मध्ये तर पापी नायकाला शिंगं फुटत. ‘मास इफेक्ट’ने (२००७) सौजन्याला निळा आणि दांडगाईला लाल रंग दिला. त्याच वर्षीचा ‘बायोशॉक’ फार गंभीर म्हणून गाजला. त्यात लहान मुलींच्या शरीरातलं ‘ॲडम’ नावाचं द्रव्य हवं असतं. मुलीचा जीव घेऊन ते काढलं तर १६० मात्रा मिळतात, तिला वाचवलं तर ८०. प्रश्न अंगावर काटा आणणारा आहे. पण दर तीन मुली वाचवल्या की २०० मात्रांची भेट दारात येऊन पडते. म्हणजे तिघींना मारून ४८० आणि तिघींना वाचवून ४४०. शिवाय भेटीत इतर शक्तीही असतात. पुण्य जवळजवळ फुकट पडत असेल, तर ते करण्यात त्याग कसला? ती मुदत ठेव झाली.

या सगळ्यामागे खेळाडूंबद्दलचं एक गृहीतक होतं: पट्टी दिसली नाही तर हे लोक मोकाट सुटतील. पुरावा मात्र उलटा आहे. ‘मास इफेक्ट’वर काम केलेले जॉन एबेंगर यांनी २०२० मध्ये सांगितलं की सुमारे ९२ टक्के खेळाडू सौजन्याच्या वाटेने गेले, दांडगाईच्या प्रसंगांवर केलेली मेहनत फारशी कुणी पाहिलीच नाही. अँड्र्यू वीव्हर आणि निकी लुइस यांनी २०१२ मध्ये ‘फॉलआउट ३’ पहिल्यांदाच खेळणाऱ्या ७५ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बहुतेकांनी प्रत्यक्षात जसे वागले असते तसेच निर्णय घेतले, आणि समाजविघातक वागणाऱ्यांना अपराधीही वाटलं. (हाच खेळ २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने सांस्कृतिक संवेदनशीलतेचं कारण देऊन भारतात आणला नाही. त्यातल्या दोन डोक्यांच्या गुरांचं नाव ‘ब्राह्मिन’ आहे. बाकी तर्क वाचकांनी करावा.) आता कुणी म्हणेल, ‘मास इफेक्ट’मध्ये एकाच रंगाचे गुण साठवले तरच पुढचे खास संवाद उघडत, म्हणून माणसं एका बाजूला चिकटून राहिली. खरं आहे. पण ती सक्ती दोन्ही रंगांना सारखीच होती. माणसं एकदा धरलेली वाट का सोडत नाहीत, ते तिच्यावरून कळतं. दहातल्या नऊ जणांनी मुळात निळीच का धरली, ते कळत नाही.

याहून वजनदार आक्षेप आहे तो ‘शेवटी हा खेळच ना?’ असा. यॉकेल, बोमन आणि डोग्रुएल यांचं २०१२ चं संशोधन इथे उपयोगी पडतं. ज्याला जे मूल्य जिव्हाळ्याचं, त्यालाच धक्का लागत असेल तिथे खेळाडू आतल्या हाकेला ओ देतो आणि सहसा मर्यादा ओलांडत नाही. जिथे तसं काही नसतं, तिथे निवड कशीही, जवळजवळ नाणेफेकीसारखी होते. म्हणजे एकाच माणसात दोघं बसलेले असतात: एकाला टोचणी लागते, दुसरा डाव खेळतो. पट्टी, रंग, शिंगं या खुणा दुसऱ्यालाच सतत हाक मारतात, असा माझा निष्कर्ष आहे. चूक पट्टीने केलेल्या मोजमापात नव्हती. समोरच्या माणसाकडे पाहायच्या आधी नजर आकड्याकडे वळवली, ही चूक होती.

म्हणूनच २०१२ नंतरची काही वर्षं मला या इतिहासातली सर्वांत कसदार वाटतात. लुकस पोप यांच्या ‘पेपर्स, प्लीज’मध्ये (२०१३) आपण एका हुकूमशाही देशाच्या सीमेवरचे कारकून असतो. नवऱ्याची कागदपत्रं चोख असतात, मागून येणाऱ्या बायकोकडे परवाना नसतो. खेळ तिथे पाप-पुण्य मोजत बसत नाही, तो फक्त पगार कापतो. तोही लगेच नाही: दिवसाला दोन चुका माफ, तिसरीपासून दंड. त्यामुळे दयेचा रोजचा कोटा दोनवर येतो आणि संध्याकाळी घरचं अन्न आणि शेगडी यांतलं काय भागवायचं ते ठरवावं लागतं. पोलंडमध्ये बनलेला ‘धिस वॉर ऑफ माइन’ (२०१४) सारायेव्होच्या वेढ्यावरून सुचलेला. त्यात म्हाताऱ्या जोडप्याचं घर लुटता येतं, गुण कमी होत नाहीत. पण आपलीच माणसं खचतात. २०२० मध्ये पोलंड सरकारने तो शाळांच्या पूरक वाचनात घेतल्याचं जाहीर केलं.

जतन केलेल्या जागी परत जाऊन निर्णय पुसता येतो, मग टोचणी कसली, हा आक्षेप उरतोच. टोबी फॉक्स यांच्या ‘अंडरटेल’ने (२०१५) तो खेळातच घेतला. सुरुवातीला आपल्याला आईसारखं सांभाळणाऱ्या टॉरिएलला मारून, मग पस्तावून मागे जाऊन वाचवलं, तर फ्लावी नावाचं फूल ते विसरलेलं नसतं आणि तोंडावर बोलून दाखवतं. याउलट ‘स्पेक ऑप्स: द लाइन’ने (२०१२) पांढऱ्या फॉस्फरसचा मारा करण्यावाचून पर्याय न ठेवता नंतर खेळाडूलाच दोष दिला. त्याचे चाहते हा युक्तिवाद धाडसी मानतात. मला तो लबाड वाटतो. हात धरून करवून घेतलेल्या कृत्याची शरम उसनी असते.

वही मात्र कायमची मिटली असं नाही. २०२३ च्या ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये चांगल्या-वाईटाची सामाईक पट्टी नाही. तिच्या जागी, काही केलं की कुठल्या सोबत्याला ते रुचलं आणि कुठल्याला खटकलं, ते पडद्यावर झळकतं. ॲस्टारियनला जे आवडतं त्याने वायल दुखावतो. एका चित्रगुप्ताच्या जागी सहा-सात झाले, आणि त्यांचं आपसात पटत नाही. खेळाडू तरीही संवादाआधी खेळ जतन करून ठेवतात आणि कोण नाराज होतं ते पाहून उत्तर बदलतात.